चार नंबर गोदामातली कडू भिंत

नाव वर नोंदलेलं आहे, कामावर सगळे भिंगरी म्हणतात. वय २२ वर्षे. शिक्षण चौथीपर्यंत. धंदा गिलावा करणाऱ्याच्या हाताखाली, शिवाय सांगतील ते. राहणार सध्या कामावरच, तीन नंबर गोदामामागची पत्र्याची खोली.

मी आज शुक्रवारी दुपारी अडीच वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो ते असं:

मी सात महिन्यांपासून जुन्या गोदामांच्या कामावर आहे. गोदामं चार आहेत. एक आणि दोनमध्ये बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी राहायच्या खोल्या काढल्या आहेत. तीनमध्ये खेळाचा हॉल आणि बसायची जागा. चारमध्ये लहान मुलांची खेळखोली. येत्या रविवारी सगळं वस्तीतल्या लोकांसाठी उघडायचं आहे. मला या कामावर मुकादमानं आणलं. मुकादम हा माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास मामानं मला चार नंबरची आतली भिंत तारेच्या ब्रशनं घासायला सांगितलं. भिंतीवर लाल रंगात दोन ओळी होत्या. मी वाचायला हळू आहे आणि हाताला घाई आहे, त्यामुळे वरची ओळ मी न वाचताच घासून टाकली. खालच्या ओळीतलं 'मुलांपासून दूर ठेवा' एवढं वाचलं. मामा मागेच उभा होता. त्याला शाळा माझ्यापेक्षा जास्त झालेली आहे. मी विचारलं, "मामा, हे काय लिहिलंय?" तो म्हणाला, "आधी पोरं खेळायला घुसायची म्हणून लिहिलं असंल. आता पोरांसाठीच करतोय ना? मग पूस की, बघतोस काय!" आणि हसला. मीही हसलो. हसलो हे लिहून घ्यावं.

गिलाव्याचं काम उस्ताद करतो. वय साठीच्या पुढे. त्याची एक पद्धत आहे. जुनी भिंत हातात घेतली की तो विटेला जीभ लावतो. खारट लागली तर लोणा, म्हणजे ओलीबरोबर चढणारा खार आहे, गिलावा धरणार नाही, असं समजायचं. लोणा किती उंचीपर्यंत चढलाय हे बघायला तो खालून वर चाखत जातो. मंगळवारी साडेदहा वाजता त्यानं चार नंबरच्या भिंतीला सहा ठिकाणी जीभ लावली. विटांच्या सांध्यातून पांढरी पूड येत होती. तो थुंकला आणि मला म्हणाला, "भिंगऱ्या, ही खारट नाही रे, कडू आहे. एवढ्या भिंती चाटल्या, कडू पहिलीच. या घराची सासू इथंच पुरलेली दिसतीय." सगळे हसले. तरी त्यानं पुन्हा एकदा चाखली, कारण त्याचा स्वतःच्या जिभेवर विश्वास बसेना.

दुपारी एकच्या आत त्याला उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते. मी आणि फरशीवाला त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात घेऊन गेलो. मामा मागून आला. नोंद करणाऱ्या बाईंना मामानं सांगितलं की हा रोज पितो. उस्ताद दारूला शिवत नाही. साधी तंबाखूही खात नाही, जीभ बिघडते म्हणून. मी तिथंच उभा होतो. बोललो नाही.

बुधवारी उस्तादनं अर्धवट सोडलेली भिंत गिलावा करून बंद करायला मामानं मला सांगितलं. मी केली. चांगली केली. गुरुवारी त्यावर पिवळा रंग देऊन खालच्या बाजूला ससे आणि फुलं काढली. ससे साधारण माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आहेत, लहान मुलांना हात लावता यावा म्हणून. त्या उंचीवर मुलांचं तोंडही पोचतं.

गुरुवारी संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. उस्तादची जीभ सुजलेली होती, बोलता येत नव्हतं. त्यानं मला ओळखलं, पण उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. तेव्हा मी डॉक्टरांना भिंतीचं सगळं सांगितलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले की दोन दिवस काय करत होतास. म्हणाले, "आम्ही दारूचा समजून इलाज करतोय. कोणती पूड ते सांग, नाहीतर पूड तरी आण. वेळ घालवू नकोस."

मी मामाकडे गेलो. तो जेवत होता. मी म्हणालो, "मामा, वरच्या ओळीत पुडीचं नाव असणार. तुम्ही वाचलं होतं." आधी तो म्हणाला आठवत नाही. मग म्हणाला, "कीड मारायची पूड ठेवायचे तिथं. वीस वर्षं झाली. विष पण म्हातारं होतं, गप बस." मी नाव विचारलं. तो म्हणाला, "रविवारी माणसं येणार आहेत. तुझ्या आईला फोन लावू का?" मी म्हणालो, "लावा. मीच सांगतो तिला तिच्या भावाचं." त्यावर त्यानं ताटात हात धुतला आणि बाहेर गेला.

आज शुक्रवारी साडेबारा वाजता, जेवणाच्या सुट्टीत, मी हातोडा आणि छिन्नी घेऊन चार नंबरमध्ये गेलो. सशांची सबंध रांग फोडली आणि आतली एक वीट काढून पिशवीत घातली. फाटकावर रखवालदारानं मला धरलं. कामावरच्या मॅनेजर साहेबांनी भिंतीची नासधूस आणि वीट चोरल्याची तक्रार दिली. भिंत मी फोडली हे खरं आहे. वीट माझ्या मालकीची नाही हेही खरं आहे.

मामा ठाण्याच्या बाहेर बसलेला आहे. त्यानं हवालदारांकरवी निरोप दिला की पोरानं दारूच्या नशेत भिंत फोडली असं लिहून दिलं तर साहेब तक्रार मागे घेतील, तो जामीन राहील आणि मला घेऊन जाईल. एका दारूत तो किती जणांना बुडवणार आहे ते त्यालाच माहीत. मला त्याचा जामीन नको. वरच्या ओळीतलं नाव त्याला विचारावं, त्याला ते पाठ आहे असं माझं म्हणणं आहे.

वीट मुद्देमाल म्हणून कापडात बांधून सील केली आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय सील उघडता येत नाही असं मला सांगण्यात आलं. दवाखाना इथून पायी दहा मिनिटांवर आहे. माझ्या दहाही नखांत ती पूड अजून आहे. वीट काढल्यापासून मी हात धुतलेले नाहीत. सील उघडता येत नसेल तर माझी नखं कापून कागदात बांधून आत्ता डॉक्टरांकडे पाठवावीत. चोरी मला कबूल आहे, तशी सही देतो.

माझा हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. नंतर मी स्वतः एकेक अक्षर लावून वाचला, वरच्या ओळीपासून. मी सांगितला तसाच आहे.