टोपली पहिल्या 'नको'लाच परत जाते

खरं तर हे मी सांगायचं नाहीये. कुणालाच नाही. शपथ नाही घातली मला, पण 'कुणाला बोलू नकोस हं बाळा' म्हणून गालाला हात लावला होता, आणि ते शपथेपेक्षा वाईट असतं, कारण शपथ मोडली तर नुसतं पाप लागतं, पण गालाला लागलेला हात... जाऊ दे! तुम्हाला सांगते. तुमचं काय, तुम्ही खुर्च्या. चार-चार पाय असून या हॉलच्या बाहेर जात नाही तुम्ही. आणि आज सोमवार, म्हणजे तुमच्यावर बसायला कुणी नाही आणि माझ्याशी बोलायला कुणी नाही, मग हरकत काय आहे? शाळेत बाई म्हणतात, "राजेश्वरी, चढ स्टेजवर, बोल काहीतरी!" आणि मी बाकाखाली पेन्सिल शोधायला लागते. इथं बघा, कशी बोलतेय! थांबतच नाहीये! पण मला विचारतंय कोण?

तर तुम्हाला सांगते, हे आपलं रिसॉर्ट. शनिवारी गाड्या लावायला जागा नसते, पवना धरणाच्या पाण्याकडं तोंड करून सगळे फोटो काढतात, रविवारी दुपारी एकेक डिकी धाडधाड बंद होते आणि सोमवारी इथं कुत्रं फिरकत नाही. आई हॉलमध्ये वाढते, नाश्ता लवकर असतो म्हणून आम्ही दोघी मागच्या खोलीतच राहतो. बाबा कंटेनरवर ड्रायव्हर, ते फोनमध्ये राहतात. आणि मैत्रिणी म्हणाल तर आहेत की! खूप आहेत! शनिवारी चेक-इन, रविवारी चेक-आउट. ती समीक्षा नव्हती का आली, वाकडची, केसाला जांभळा रंग? झोक्यावर मला शेजारी बसवलं नि म्हणते कशी, "तू ना, माझी बेस्ट फ्रेंड! मी तुला रोज मेसेज करणार, रोज!" नंबर पण घेतला. ते 'रोज' अजून सुरू व्हायचंय.

असो. तर उमेश सर, आपले मॅनेजर, यांच्या डोक्यात एकदा हिरवं शिरलं. कुठल्याशा मीटिंगला गेले आणि आले ते वेगळेच! म्हणे, आता मोठ्या कंपन्या साध्या रिसॉर्टला येत नाहीत, त्यांना पर्यावरण सांभाळणारं रिसॉर्ट लागतं, त्याचं प्रमाणपत्र असतं, त्यावर हिरवी पानं असतात, एक ते पाच, आणि आपल्याला पाच पाहिजेत, पाचच! झालं. प्लॅस्टिकच्या बाटल्या गेल्या, काचेच्या आल्या. टॉवेल रोज धुवायचे नाहीत अशी पाटी लागली. बागेत सोलरचे दिवे लागले, आणि आपल्या मावळात पावसाळ्यात ऊन कुठलं हो? मग ते दिवे दिवसभर धुलाईच्या खोलीत ट्यूबलाइटखाली मांडून ठेवायचे आणि संध्याकाळी परत बागेत रोवायचे! रोवायचे कुणी? मीच. मला काही म्हणायचं होतं त्यावर, पण मला विचारतंय कोण?

आणि मग आली बादली.

ती बघा, त्या दाराशी, हिरवी, झाकणाची. पाहुण्यांच्या ताटात जे उरेल ते तिच्यात आणि जेवण झालं की तिचं वजन, तेही मीच करायचं. उमेश सर म्हणाले, "सगळ्यात जास्त मार्क अन्नाला आहेत. ताटात टाकलेलं अन्न म्हणजे वाया गेलेलं पाणी, वाया गेलेला गॅस, वाया गेलेली जमीन." खरं आहे ते. मी भात लावायला चिखलात उभी राहिलेय, मला पटलं. पण पुढं म्हणाले, "आणि हे सगळं वाया का जातं माहितीय? निर्मलाताईंमुळे."

माझी आई!

आता यात आईचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. तुम्ही बघितलंय तिला वाढताना. पाहुण्यानं हात आडवा केला की शहरात ते शेवटचं असतं, आमच्याकडं ती सुरुवात असते! पहिलं 'नको' रीत म्हणून म्हणायचं. दुसरं लाजेखातर. तिसऱ्या 'नको'ला पोट भरलं असेल तर असेल. आणि पहिल्याच 'नको'ला जो वाढपी पुढं जातो ना, त्याच्याबद्दल लग्नं होऊन पोरं झाली तरी लोक बोलतात, "अमक्याच्या मांडवात आमास्नी कुणी इचारलं पण न्हाई!" तर आई सगळ्या पाहुण्यांना तशीच वाढायची. "घ्या वो, लहान हाय भाकरी." "अर्धी तरी." "ही माझ्यासाठी." आणि ते पुण्या-मुंबईचे बिचारे घ्यायचे नि टाकायचे. बादली भरायची.

मग शिकवणी! उमेश सर स्वतः खुर्चीवर बसले, या तिसऱ्या, तुला आठवत असेल. पुढ्यात ताट. "मी पाहुणा. वाढा." आईनं टोपली पुढं केली. सरांनी हात आडवा धरला, "नको."

"घ्या वो सर, गरम हाय."

"निर्मलाताई! नको म्हणजे नको! पुढं जायचं!"

"व्हय सर."

परत. "नको." आईचा हात थांबला... थांबला... सरांचं लक्ष जरा दुसरीकडं गेलं, तर ताटात पापड!

भाकऱ्या करणाऱ्या पुतळाबाई मावशी चुलीपासून ओरडल्या, "सर, कशाला शिणताय? त्यो हात तिचा न्हाईच, तिच्या आईचा हाय!"

सगळे हसले. सर नाही हसले. म्हणाले, "तपासणीच्या दिवशी बादली भरली, तर हॉलमध्ये दुसरं कुणीतरी बघेन. तुम्ही मागं भांड्याला." आता भांड्याला म्हणजे काय, तर हंगाम संपला की घरी. घरी म्हणजे ही खोली गेली. खोली गेली की इथून कामशेतला जाणारी जीप गेली, आणि जीप गेली की माझी शाळा. हे सगळं त्या एका पापडावर! सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, काय करायचं, कसं करायचं... मला विचारतंय कोण?

पण मी केलं हं काहीतरी. शाळेतून आले की खोलीत मी पाहुणी आणि आई वाढपी. मी म्हणायची "नको", आणि तिनं थांबायचं. पहिले काही दिवस थांबेचना! मग हळूहळू थांबायला लागली. एकदा तर मी "नको" म्हटलं आणि टोपली जी सरळ मागं गेली! आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! तेव्हा मला काय माहीत, मी काय शिकवतेय.

तर तपासणीचा दिवस. मॅडम आल्या. एकट्या. पाठीला सॅक, पायात चिखलाचे बूट, कमी बोलणाऱ्या. टॉवेल बघितले, नळ बघितले, खताचा खड्डा बघितला, सोलरच्या दिव्यांकडं बघून जराशा हसल्या. मग जेवायला बसल्या, ती खिडकीजवळची खुर्ची, हो तूच. एवढा मोठा हॉल नि एकटं ताट. बाकीचे पाहुणे लांब, आपापल्या घोळक्यात.

आई टोपली घेऊन गेली. तांदळाची भाकरी, अशी फुगलेली! "भाकरी वाढू?"

मॅडमनी हात आडवा धरला. "नको नको, बास."

आणि आई पुढं गेली.

उमेश सरांनी तिकडून अंगठा दाखवला. पण मी इथं दारामागं, बादलीपाशी उभी, आणि मी बघितलं. काय बघितलं? हात! खरं 'नको' असतं ना, तेव्हा हात ताटावर गच्च असतो, झाकणासारखा. मॅडमच्या बोटांत फट होती. एवढी! तूप वाढलं असतं तर ताटात पडलं असतं. आणि टोपली निघाली तसे त्यांचे डोळे टोपलीबरोबर निघाले, त्या पलीकडच्या टेबलापर्यंत गेले, आणि मग खाली पाण्याच्या ग्लासवर आले. मला कसं कळलं? अहो, मी पण तशीच 'नको' म्हणते! त्या पहिल्याच 'नको'ला उपाशी राहिल्या होत्या हो, आणि ताट मात्र लख्ख, बादलीत काही नाही!

सांगावं का कुणाला? सरांना? आईला? पण मला...

दुपारी मॅडम परत मागं आल्या. खताचा खड्डा बघायला! तो तर सकाळीच बघितला होता! खड्ड्याकडं तोंड आणि नाक सगळं पुतळाबाई मावशींच्या चुलीकडं, कारण आमचं स्टाफचं जेवण तेव्हा होतं, पिठलं आणि भाकरी. मावशी तव्यात गुंतलेल्या, आई आत पीठ चाळतेय. आणि मी... तुम्हाला खोटं वाटेल... मी भाकरी घेतली, मी, राजेश्वरी, जी वर्गात "हजर" पण हळू म्हणते, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, भाकरी?"

"नको गं."

म्हटलं, "घ्या ना."

"नको, खरंच नको."

"अर्धी तरी. लहान आहे."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग आधी डोळे हसले, मग तोंड. म्हणाल्या, "अर्धी चालेल."

बसल्याच खाली, पाट घेऊन! आई पीठ घेऊन बाहेर आली ती दारातच थांबली! "आगं बाई, राजे, ह्या हितं कशा?"

मॅडम आईला म्हणाल्या, "ताई, मी पण मावळातलीच, सुदुंबऱ्याची आहे हो. आमच्यात पहिल्या 'नको'ला कुणी ऐकतं का? वर्षभर हॉटेलांत एकटी जेवते मी, सगळे एकदा विचारतात, आणि पुढं जातात. आज तुम्ही पण गेलात!"

बस्! आईचा हात सुटला! इतक्या दिवसांचं अडकलेलं सगळं बाहेर आलं, "घ्या वो, ही गरम हाय, ही तुमच्या आईच्या नावानं, ही त्या बादलीच्या नाकावर टिच्चून!" मावशी थापतायत, आई वाढतेय, मॅडम 'नको नको' म्हणतायत आणि खातायत, आणि त्या भरात आईनं माझ्या ताटात पण भाकरी टाकली. मी म्हटलं "नको." तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही, "गप गं, खा!" आणि वर अजून एक! पोट दुखेस्तोवर जेवले मी. आणि बरं का, कुणाच्याच ताटात कण उरला नाही.

उठताना मॅडमनी माझ्या गालाला हात लावला. "कुणाला बोलू नकोस हं बाळा. हॉलमधल्या जेवणाचं बिल मी भरते, पण तपासणीच्या ठिकाणी असं चुलीपाशी बसून जेवलेलं नियमात बसत नाही." मी मान हलवली. त्या गेल्या. चेक-आउट.

आणि मग काय झालं? पानं आली! पाच! ती बघा भिंतीवर, काचेत. आईची हॉलमधली जागा पक्की, खोली पक्की, शाळा पक्की. मला आनंद झाला, झाला हो, खोटं कशाला बोलू! पण सोबत अहवाल आला, आणि उमेश सरांनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. त्यात मॅडमनी लिहिलं होतं, 'पाहुण्यांना एकदाच विचारण्याची पद्धत उत्तम असून ती कायम ठेवावी.'

मॅडमनी! ज्यांनी तिसऱ्या विचारण्यावर खाल्लं त्यांनी! आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. बोलता तर येत नाही. आणि त्यांचं तरी काय चुकलं? बादली खरंच रिकामी होती. बोटांतल्या फटीला मार्क नसतात ना.

तेव्हापासून कायम झालं. पाहुण्यांना एकदाच. स्टाफला एकदाच, आता स्टाफची पण बादली मोजतात. आणि आईचा तो हात, तिच्या आईचा होता ना, तो आता तिचा पण राहिला नाही, बादलीचा झाला. परवा खोलीत आम्ही दोघीच. "भाकरी वाढू?" मी म्हटलं, "नको." आणि टोपली गेली! सरळ गेली! भांडी घासताना ती गुणगुणत पण होती. तिला कळलंच नाही. मी दोन ग्लास पाणी प्यायले.

तुम्ही म्हणाल, अगं मग 'हो' म्हण की! अहो, 'हो' म्हटलं की भाकरी मिळते, मला माहितीय. विचारणं नाही मिळत.

"राजेऽऽ! जेवायला चल गं!"

ऐकलंत? आईच. श्शू... थांबा. मी नाही उठणार. बघू दुसऱ्यांदा हाक मारते का. फक्त बघू. पूर्वी पार पाण्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या हाका मारायची, बाहेर येऊन हाताला धरून न्यायची...

नाही. बघितलंत? एकदाच. ताट वाढून ठेवलं असेल, झाकून, आणि...

"राजेश्वरी!"

आली! आली ना दुसरी! मी सांगत होते ना, ती माझी आई आहे, ती काही... थांबा. आई मला राजेश्वरी म्हणत नाही.

"राजेश्वरी, स्टाफच्या बादलीचं वजन राहिलंय! लवकर ये!"

आले, उमेश सर! बघा, दोनदा बोलावलं मला, आता कुणी म्हणायला नको की इथं मला विचारतंय कोण!