मालकांच्या खुर्चीपुढचा लाडू

मिशिगनमधल्या एका छोट्या गावातल्या त्या जुन्यापुराण्या हॉटेलात सकाळी चेकआउटची रांग लागली होती. आश्लेषाच्या पुढे एक काका-काकू उभे होते, आणि मागच्या जीन्सवालीला मराठी कळत असेल याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

"अहो, खालच्या पबमधली ती रिकामी खुर्ची पाहिलीत ना? पहिल्या मालकांची. ते गेल्यापासून तिथे कोणी बसत नाही म्हणे. पुढ्यात रोज बिअरचा ग्लास तेवढा ठेवतात."

"पाहिली. मग?"

"मग काय! गेलेल्या माणसाला काय नुसत्या बिअरवर ठेवायचं? काल जेवण झाल्यावर मी आपल्या डब्यातला बेसनाचा लाडू बशीत ठेवला त्यांच्यापुढे."

"कुंदा, लोक काय म्हणतील!"

"म्हणतायत की! सकाळी बशी रिकामी. तो बारवाला सगळ्यांना सांगत सुटलाय, मालक येऊन गेले."

"आले असतील बिचारे."

"तुम्ही नाही ना खाल्लात?"

"मी? माझी शुगर केवढी, डॉक्टर काय म्हणाले, मी कशाला खातोय!"

"बरं झालं बाई. साखर घालायचीच राहिली होती त्यात."

"तरीच! म्हटलं, असा सपक कसा लागतोय."

काकूंनी पर्स उघडली.

"राहिली नव्हती हो, मुद्दामच घातली नव्हती. तो तुमच्यासाठीच वेगळा वळला होता. कुठेही ठेवला तरी तुम्ही शोधणार, ठाऊक होतं मला."

"आणि मालकांचं काय?"

"त्यांचा साखरेचा आहे पर्समध्ये. आता ठेवून येते. त्याला हात लावलात, तर शेजारी तुमचीही खुर्ची मांडावी लागेल मला."