नीबियावरचा दिवा

लुआना : वर काय बघतोस, बाबा? भिंगात बघ. डोळा अगदी टेकव. काय दिसतंय?

विल्मार : फूल.

लुआना : फूल मलाही दिसतंय, त्याला भिंग कशाला? फुलावर चिकाचे बारीक मणी आहेत बघ, दव पडल्यासारखे. त्यांचा रंग सांग.

विल्मार : पांढरा असेल. मला ह्यातलं कळत नाही, पोरी. हे तुझ्या आईचं खातं. मी खांबावर चढणारा माणूस.

लुआना : पांढरा असता तर मी अंगणात नाचले असते. आरपार दिसतंय, काचेसारखं. आईचा नियम काय? काच असेल तर हात लावायचा नाही, दूध झालं की कात्रीला धार लावायची, मध झाला की कापायचं. एप्रिल संपत आला, थंडी तोंडावर आली, लोकांच्या गांजाची फुलं सुकून बरण्यांत गेली, आणि आपली नीबिया अजून काचेवरच अडकलीय.

विल्मार : नीबिया पहिल्यापासून आळशीच. म्हणून तर आईनं ह्या झाडाला माझ्या बहिणीचं नाव दिलं. सगळ्यांत जाडी, आणि जेवायला बसली की सगळ्यांत शेवटी उठणारी.

लुआना : सांगेन हं आत्याला.

विल्मार : सांग. तिच्या तोंडावरच ठेवलंय नाव. चल आत, भुरभुर सुरू झाली. शेजारची चेलाकाकू पुरीसारख्या तोर्ता तळायला बसली असेल. चार थेंब पडले की तिची कढई चढलीच.

लुआना : तोर्ता कुठं पळून जात नाही. इकडे ये आधी, पाण्याच्या टाकीमागं. नळीत पाय अडकेल, जपून. आता ह्या झाडाचं फूल बघ.

विल्मार : ह्याचं काय?

लुआना : रंग सांग.

विल्मार : …पिवळट.

लुआना : मध. वरचे मणी मध, आतले दूध. फुलाचे केस सगळे तपकिरी होऊन आत वळलेत. पानं पिवळी पडलीत, म्हणजे झाड आता आपल्याच अंगातलं काढून फुलांना घालतंय. हे झालंय, बाबा. हे तर कधीच झालंय. आणि ही सहाही झाडं म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या, आईनं सहा कुंड्यांत लावलेल्या. एका आईची पोरं. तीच माती, तेच पाणी. मग एकट्या ह्यालाच अक्कल कशी आली?

विल्मार : असतं एकेकाचं नशीब.

लुआना : तू विजेचा माणूस ना? मग सांग, तू लावलेला तो दिवा कुठंय?

विल्मार : भिंतीवर.

लुआना : आणि त्याचा उजेड कुणाकुणावर पडतो?

विल्मार : तो दिवा चोरांसाठी लावलाय. गेल्या वर्षी पलीकडच्या रामोनच्या अंगणातून सगळी झाडं मुळासकट नेली. फुलं भरली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. चोराला पत्ता विचारावा लागत नाही.

लुआना : चोरांसाठी दिवा फाटकाकडे तोंड करून लावतात. हा झाडांकडे बघतोय. पाच कुंड्या उजेडात, आणि टाकीच्या सावलीत हे एकटं. म्हणून हे पिकलं. ह्या झाडांना रात्र लागते. रात्र लांबली की त्यांना कळतं, थंडी आली, आता आवरायला घ्या. तू रात्रभर दिवा जाळतोस. त्या बिचाऱ्यांना वाटतंय अजून जानेवारीचा उन्हाळाच आहे. नीबियाला तर फुलातून परत कोवळी पानं फुटायला लागलीत.

विल्मार : असं असतं हे मला काय ठाऊक.

लुआना : बाबा. कोपऱ्यावरचा नगरपालिकेचा दिवा कुणी वळवला? मी लहान होते, पण मला आठवतंय. आई म्हणाली, त्या दिव्यानं माझ्या झाडांची झोपमोड होते. तू शिडी घेऊन गेलास आणि तो दिवा फादरच्या खिडकीकडे फिरवून आलास. फादरनं महिनाभर प्रवचनात तुझ्याकडे बघून नरकाचं वर्णन केलं. तिच्या झाडांना अंधार मिळावा म्हणून देवाच्या माणसाची झोप उडवलीस, आणि आता म्हणतोस ठाऊक नव्हतं?

विल्मार : आवाज खाली कर. ती झोपलीय.

लुआना : ती झोपत नाही. डोळे मिटून पडते, आपल्याला बरं वाटावं म्हणून. दुखण्यावर ती ह्या फुलांचं तेल घेते, त्याची बाटली बघितलीस तू इतक्यात?

विल्मार : आहे ना थोडं.

लुआना : नाहीये. तळाला लागलं तेव्हापासून मी त्यात ऑलिव्हचं तेल घालून वाढवतेय. आता तर बहुतेक नुसतं ऑलिव्हच आहे.

विल्मार : इस्पितळाचे थेंब आहेत की.

लुआना : ते घेतले की तिला मुंग्या दिसतात. काल माझ्या गालावरच्या मुंग्या झटकत होती. मी म्हटलं, गेल्या गं आई, सगळ्या गेल्या. आपलं तेल पोटात गेलं की ती अर्धी तोर्ता खाते आणि चेलाकाकूच्या सुनेची नक्कल करते. मला ती आई हवीय. आणि तू दिवा लावून बसलायस. का, ते सांग. मी ओरडत नाहीये. नुसतं विचारतेय.

विल्मार : …कुंड्या भरल्या त्या दिवशी तू इथंच होतीस. माझी बहीण इथं पायरीवर बसून रडत होती. तुझी आई काय म्हणाली तिला?

लुआना : रडू नकोस, जाडे.

विल्मार : पुढं?

लुआना : ही सहाही कापून बरण्या भरल्याशिवाय मी कुठं जायची नाही.

विल्मार : हं. आता मला सांग, ह्या बाईनं बोललेलं कधी मोडलंय? लग्न करणार नाही म्हणाली होती. तुझी बारशाची तारीख ठरली, फादर घरी येऊन बसला, तरी नाही म्हणजे नाही. पंधरा वर्षं झाली, अजून केलेलं नाही.

लुआना : म्हणून तू…

विल्मार : पिकलीच नाहीत तर कापायची कशी? नियम तिचाच आहे.

लुआना : बाबा, ती झाडं आहेत.

विल्मार : झाडंच आहेत. मी काय वेडा आहे? दिवसा मला सगळं कळतं. अंधार पडला की हात आपोआप बटणावर जातो.

लुआना : आणि बसचा संप? बस बंद आहेत, घरी राहा म्हणालास. बस बंद नाहीत. माझ्या वर्गातली हिमेना रोज शाळेत जातेय, काल मला विचारत होती की तुला गोवर झालाय का. तेरेसिता नर्स फाटकापाशी थांबून तुझ्याशी काहीतरी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी एकट्या आपल्या घरी संप झाला. काय म्हणाली ती?

विल्मार : ती सगळ्यांनाच सांगते.

लुआना : काय सांगते?

विल्मार : मुलीला थोडे दिवस घरीच राहू दे म्हणाली.

लुआना : …थोडे.

विल्मार : तिला काय कळतंय. ती सुया टोचणारी.

लुआना : मग आज कापू या. ऐक ना. मला फुलांभोवतीची पानं छाटायला येतं, सुकवायलाही येतं, पण मी त्याबद्दल बोलत नाहीये. दर एप्रिलला टेबलावर जुनी चादर, आपण तिघं तीन बाजूंना, सगळ्यांची बोटं चिकानं काळी, कुणाला नाक खाजवता येत नाही, मग आई मनगटानं माझं नाक खाजवते. शेवटी ती तेल चोळून आपले हात धुऊन देते. मला ते अजून एकदा हवंय. ती खुर्चीत बसू शकतेय तोवर. कच्चं तर कच्चं. नंतर मी एकटी पिकलेली फुलं घेऊन टेबलाशी बसू?

विल्मार : आणि कापून झाल्यावर? बरण्या भरल्यावर काय?

सिल्व्हाना : (आतल्या खोलीतून, खिडकीच्या अर्ध्या उघड्या झडपेआडून) मोठ्यानं बोला रे, कुजबुजू नका. कुजबुजलं की मेल्यासारखं वाटतं. आणि भिजताय कशाला? आत या दोघं.

लुआना : आलो. चपला काढ, बाबा, चिखल आहे.

विल्मार : उठलीस का, म्हातारे? माटेचा ताजा कडू चहा भरलाय. एक घोट?

सिल्व्हाना : आभारी.

लुआना : आभारी म्हणू नकोस ना गं. आभारी म्हटलं की माणूस माटेच्या फेरीतून उठलं.

सिल्व्हाना : मग काय म्हणू? ओकारी येते म्हणू? तू पी, विल्मार. माझ्या वाटचीही पी, पण पेला माझ्यासमोरून जाऊ दे. वास चांगला येतो.

विल्मार : उशी वर घेऊ?

सिल्व्हाना : घे. हळू. …बास. लुआ, फूल घेऊन ये मला. भिंग कुठंय?

लुआना : गळ्यात आहे माझ्या. टाकीमागच्या झाडाचं आणते, ते मस्त झालंय, मधच मध, तू बघशील तर…

सिल्व्हाना : टाकीमागचं नको. नीबियाचं आण. दिव्याखालचं. अशी तोंडं काय करताय? ह्या झडपेतून रात्रभर उजेडाच्या पट्ट्या पडतात माझ्या अंगावर. मला आधी वाटलं, इस्पितळाच्या थेंबांचं काम आहे. मग म्हटलं, एवढा बारीक रंगवलेला भास थेंबांना जमायचा नाही. हे नगरपालिकेच्या माणसाचं काम.

विल्मार : सिल्व्हाना, मी…

सिल्व्हाना : तू गप्प राहा जरा. आणि तू गं, माझी हुशार कन्या. परवापासून मला नुसतं कोशिंबिरीचं तेल पाजतेस. पुढच्या वेळी चिमूटभर मीठ घाल, टोमॅटो मी आणीन.

लुआना : तुला कळलं होतं?

सिल्व्हाना : मी काढते ते तेल. जिभेला कळणार नाही? जा आता, फूल आण.

लुआना : जाते.

विल्मार : मला वाटलं…

सिल्व्हाना : तुला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. बहिणीला गप्प करायला बोलले होते मी. तुझ्याकडे बघून बोलायला नको होतं.

विल्मार : तुला रोज इतकं दुखतंय, आणि ते माझ्यामुळं. मी खांबावर असलो की तेच डोक्यात. संध्याकाळी ठरवून घरी येतो, आज लावायचा नाही. मग लावतो.

सिल्व्हाना : हात दे इकडे. केवढा गार आहे. …दुखणं तुझ्यामुळं नाही. तेवढा मोठा नाहीयेस तू.

लुआना : हे घे. नीबियाचं. पावसानं थोडं ओलं आहे, पुसू नकोस, मणी निघतील. भिंग मी धरू का?

सिल्व्हाना : नको. मीच धरते. खिडकी उघड जरा. …हं.

लुआना : दिसतंय?

सिल्व्हाना : दिसतंय. छान भरलंय. केवढा वास धरलाय बाईनं.

लुआना : रंग?

सिल्व्हाना : मध.

लुआना : आई, मी आत्ताच बघितलं. नीबिया तर अजून…

सिल्व्हाना : लुआ, भिंग कुणाच्या हातात आहे?

लुआना : तुझ्या.

सिल्व्हाना : ह्या घरात कधी कापायचं ते कोण सांगतं?

लुआना : तू.

सिल्व्हाना : मग मी सांगतेय. मध झालाय. सहाही.

विल्मार : कच्चं आहे ते, सिल्व्हाना. मला इथून दिसतंय. मलासुद्धा दिसतंय.

सिल्व्हाना : तू खांबावर चढणारा माणूस. तुला ह्यातलं काय कळतंय?

विल्मार : थांबू ना थोडं. दिवा काढून टाकतो मी. पिकतील ती. दोन आठवडे, फार तर तीन…

सिल्व्हाना : विल्मार. बरण्या माळ्यावर आहेत, उतरवून उन्हात ठेव. ऊन नसेल तर चुलीजवळ. लुआ, ती फुलाफुलांची चादर काढ, डाग पडलेली, चांगली नको. माझी खुर्ची खिडकीशी. नीबियाला फोन कर. म्हणावं, तुझी मान कापतोय, बघायला ये, आणि येताना चेलाकाकूच्या तोर्ता घेऊन ये.

लुआना : आत्ताच?

सिल्व्हाना : पावसात कुणी कापतं का? तेवढीही अक्कल नाही का तुला? उद्या सकाळी, पानं कोरडी झाली की. रडायचं असेल तर आज रडून घ्या. उद्या चिकट हातांनी डोळे पुसाल आणि भलतंच होऊन बसेल.

लुआना : आणि माझं नाक खाजलं तर?

सिल्व्हाना : मनगटं आहेत माझी अजून.

विल्मार : मी… मी बरण्या काढतो.

सिल्व्हाना : काढ. आणि विल्मार, आज दिवा लावू नकोस. एक रात्र तरी नीट झोपू दे त्यांना.