शेकाची वीट

आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडं दोन कोसावर, रानात हुबं राहिलं की किल्ल्याचा बुरूज दिसायचा, पन बुरूज बघून काय पोट भरतं व्हय, पाऊस झाला तर बाजरी, न्हाई झाला तर दिवाळीनंतर आईबापानं कोयता घ्यायचा आन् ऊसतोडीला निघायचं, आमी पोरं मागं न्हाईतर गाडीत. शाळेत गेले न्हाई मी, तेवढं लिव्हा ताई, न्हाईतर लोक म्हनतील बाई लई शिकलेली हुती. चौदाव्या वर्षी लगीन झालं सुप्याकडं, मालक गवंड्याच्या हाताखाली जायचे, मानूस बरा हुता, हात उचलला न्हाई कधी. तापानं गेले, सहा दिसात. पोरगं दीड वर्साचं मांडीवर. रडायचं म्हनलं तर येळ पाहिजे ना. चुलत ननंद नगरला मोठ्या हास्पिटलात झाडलोटीला हुती, ती म्हनली वैनी चला, तितं आया घेत्यात. तशी गेले. हास्पिटलाचं नाव नगा लिहू, चूक माझी हुती, त्यांची न्हाई.

कंची चूक ते सांगते, सांगायलाच तर बसलेय.

आयांमदी जी नवी यायची तिला शेवटच्या वार्डात टाकायचे. तितं मनका मोडलेले, डोस्क्याला मार लागलेले, लकवा मारलेले. तितं कोन जायला राजी नसायचं, उचलाउचल लई, वास लई, आन् बरं हून कोन चालत घरी गेलाय असं बी लई बघायला मिळायचं न्हाई. मोठी सिस्टर मल्याळी हुती, उंचीला माझ्या खांद्याएवढी, पन तिची चप्पल वाजली की डाक्टर बी सरळ हुबं राहायचे. मराठी तिची तिची. पहिल्या दिवशी मला म्हनली, बाई, इथे औषध कमी आहे, हात जास्त आहे, दोन तास झाला की कूस बदल, पाठ बघ, टाच बघ, कंबर बघ, लाल दिसला तर मला सांग, नाय सांगितला तर घरी जा.

काय सांगू तुमाला, मानूस पडून पडून सडतं हे मला तवर ठावंच न्हवतं. आमच्या गावात लकवा झालेलं मानूस दोन-तीन म्हैन्यात जायचं, आमी म्हनायचो त्याचं आयुष्य संपलं. आयुष्य न्हवतं संपलेलं वो. पाठ सडलेली असायची, कोन कूसच बदलत न्हवतं. माझा आजा तसाच गेला. मी त्याला पानी पाजायचे, वारा घालायचे, लई सेवा केली म्हनून गावात नाव झालं माझं, पन कूस न्हाई बदलली, कोनी सांगितलंच न्हाई. वार्डात आले तवा कळलं, आन् मंग आजा रोज आठवायचा. असो.

तर शिकले. दोघींनी चादर धरायची, एक दोन तीन, आन् सगळं मानूस एकदम वळवायचं, ओंडका वळिवतो तसं, मान एकीकडं न् कंबर एकीकडं असं करायचं न्हाई. मंग पाठीला स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची, मेनकापडाला चुनी पडू द्यायची न्हाई, टाचंखाली कापडाची चुंबळ ठिवायची म्हंजी टाच अधांतरी राहती. आन् एक गोष्ट सिस्टरनं दोनदा सांगितली, दोनदा, मी न्हाई म्हनत न्हाई. ज्या अंगाला कळत नाय त्याला गरम लावायचा नाय. पाय थंड आहे तर जाड कपडा गुंडाळ, पण शेक नाय, बाटली नाय, काय नाय.

मंग तो दुष्काळ आला. तुमच्या जन्माच्या आधीचा. सगळा मुलूख खडी फोडाया न् तलाव खांदाया, खायला रेशनची तांबडी मिलो जवारी, पोरांना सुकडी. त्या साली कौसल्या आली. वीस वर्साची, लगीन होऊन तीन वर्सं, लेकरू न्हाई अजून. जामखेडच्या अंगाला पाझर तलावाचं काम हुतं, मातीची दरड तिच्या अंगावर आली. कमरेच्या खाली काय कळत न्हवतं तिला, लघवीला नळी. डाक्टरनं नवऱ्याला सरळच सांगितलं, पाय यायचे न्हाईत. नवरा दोन दिस थांबला, मंग कामावर परत गेला, घरी खानारी तोंडं हुती, मी त्याला बोल लावत न्हाई. सासू राहिली. गयाबाई. तिनं तोंड उघडलं न् मला माहेर भेटलं, तेच बोलनं, तसंच हेल काढून. म्हनली, तू खर्ड्याकडची व्हय गं बया, मंग तर माझी लेकच झालीस.

सासू म्हंजी कशी असती ते तुमी बी जानता. पन ही बाई सुनंचं ताट हातात धरून घास भरवायची, वेनी घालायची, आन् शिव्या बी द्यायची बरं का, अगं रांडं खा, न्हाई खाल्लंस तर मी पडंन न् तुला कोन बघील. कौसल्या हसायची. तिला आत्याबाईबिगर करमायचं न्हाई. सिस्टर म्हनायची, पाय गेला, बाई नाय गेली, पाठ सांभाळली तर ही पुष्कळ वर्ष जगेल. तेवढीच आशा हुती ताई, चालायची न्हाई, निस्ती जगायची.

पौषात थंडी पडली. कौसल्याचे पाय बरफावानी. गयाबाई दोन दिस त्या पायांना हात लावून बसली न् तिसऱ्या दिवशी मला म्हनली, बाळंतिनीला आपन शेक देतो का न्हाई, वातानं गारठलेल्याला इटंचा शेक देतो का न्हाई, मंग हिनं काय पाप केलंय. मला बी पटलं. खोटं कशाला बोलू, मनात आलं, सिस्टरला काय ठावं, तिच्या मुलखात थंडी असती का, तिला काय म्हाईत शेक काय आसतो. आमच्यात जन्मल्यापासनं मरंस्तवर शेकच आसतो की. दुपारी दोनच्या सुमाराला, सिस्टर दुसरीकडं गेल्ती, मी भटारखान्यात गेले, चुलीच्या कडंची वीट काढली, गोधडीच्या फडक्यात चार घड्या गुंडाळली न् आनून टाचंशी ठिवली.

गयाबाईनं इचारलं, पोळतंय का गं. कौसल्या म्हनली, न्हाई. मी म्हनलं, अगं काय कळतंय का तरी. सासूच्या तोंडाकडं बघितलं तिनं. मंग म्हनली, व्हय, ऊन लागतंय, बरं वाटतंय.

बया बया! गयाबाई खाली बसली न् तिनं खाटंच्या पायाला डोकं टेकलं, रडाया लागली, माझ्या पोरीचा पाय जिता झाला म्हनली. माझ्या बी डोळ्याला पानी आलं. मला वाटलं डाक्टर हरले न् आमची वीट जितली. आन् मी काय केलं, फडक्याची एक घडी काढली, अजून जरा लागू दे म्हनून. ह्या हातानं काढली. आन् दुसऱ्या खाटंकडं गेले.

चार वाजता कूस बदलायला आलो, दुसरी आया न् मी. फडकं उचललं तर फडक्याबरूबर टाचंचं कातडं आलं. कौसल्या आपली बोलतच हुती, आत्याबाईला सांगत हुती की पाय आले की पयलं जामखेडच्या बाजारला जायचं. तिला काय म्हाईतच न्हाई वो खाली काय झालंय ते.

सिस्टर आली. बघितलं. आरडली न्हाई ती, आरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हनली, कोणी केला. पोरगं दिसाया लागलं डोळ्यापुढं, ननंद दिसाया लागली, सुप्याची रिकामी खोली. तेवढ्यात गयाबाई पुढं झाली, म्हनली मी केलं बाई, मी अडानी हाय, मला ठावं न्हवतं. सिस्टर म्हनली, बाहेर, वॉर्डात पाय नाय ठेवायचा. म्हातारी पदर तोंडाला लावून गेली न् फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसली. आन् मी हुबी. मेल्याहून मेल्यागत, पन हुबी.

कौसल्यानं ताट सरकवलं. मी भरवाया गेले तर तोंड फिरवलं, आत्याबाई कुठंयत. एक दिस, दोन दिस. जखमंचा ताप भरला. तीच बाई, जी जगंल म्हनून सिस्टर म्हनायची, ती माझ्यादेखत उतरत चालली. टाचंनं मरती का उपासानं मरती, एवढंच बघायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी भाकर घेऊन लिंबाखाली गेले. म्हनलं मावशी, मी सांगते सिस्टरला, वीट मी आनली. तर म्हातारीनं माझा हात धरला, म्हनली येडी का खुळी तू, तुला काय पुन्य कमवाया वाचवलं व्हय मी. मला काढली तर मी झाडाखाली बसंन. तुला काढली तर माझ्या पोरीची कूस कोन बदलील. तूच नीट बदलतीस, मी बघितलंय, बाकीच्या आदळत्यात.

तिला सगळा हिशेब ठावा हुता न् मला वाटलं अडानी हाय. पन तिचा एक हिशेब चुकला हुता, तिच्याबिगर पोर जेवत न्हवती. मी तशीच उठले न् सिस्टरच्या खोलीत गेले, म्हनलं वीट मी आनली, घडी बी मी काढली, मला काढा पन म्हातारीला आत घ्या.

सिस्टर लिहीत हुती. मान वर न करता म्हनली, मला माहिती. वीट आपल्या किचनची आहे, म्हातारीला किचन कुठे माहिती. तीन दिवस बघते मी, तू सांगते का घरी जाते. मंग पेन खाली ठिवला न् म्हनली, ती टाच आता तुझी. भरेपर्यंत रोज तू धुणार, तू बांधणार. आणि ऐक, पेशंटला विचारायचा नाय. पेशंट हो म्हणतो. तुझ्या हाताला विचार.

गयाबाई आत आली न् तिनं पयली शिवी हासडली न् पोर जेवली.

ती टाच भराया आखाड उजाडला. काळं पडलेलं कापून काढलं तवा आतलं पांढरं दिसलं, हाड असंल, मी इचारलं न्हाई. रोज उकळलेल्या पान्यानं धुवायचं, पिवळ्या औषधाची पट्टी, वर कापूस. वास यायचा, मंग यायचा बंद झाला. कडंनं गुलाबी कातडं यायला लागलं तवा मी सिस्टरला वडत आनलं बघायला. ती म्हनली, हं. बास, तेवढंच. पन त्या दिवसापासनं ती मला बाई म्हनायची सोडून नावानं हाक माराया लागली.

घरी न्यायच्या आधी गयाबाईला सगळं शिकवलं मी, चादर कशी धरायची, नळी कशी धुवायची. तिची एकच अडचन, घड्याळ न्हाई न् असलं तरी कळत न्हाई. म्हनली तू नगं काळजी करू. पुढं दोन वर्सांनी माहेरी गेले तवा वाट वाकडी करून तिच्या घरी गेले. बघते तर दारातनं ऊन आत येतं, त्या जमिनीवर चुन्याची बोटं वढलेली, ऊन ह्या बोटावर आलं की कूस, त्या बोटावर आलं की कूस. बोलता बोलता म्हातारी उठली, लेकाला हाक मारली, दोघांनी चादर धरली, एक दोन तीन. नवऱ्यानं दुसरी केली न्हवती, लोक म्हनत हुते कर म्हनून. कौसल्या पडल्या पडल्या शेंगा फोडत हुती. पाठ बघितली मी, कुठं लाल न्हाई. टाचंवर चिंचोक्याएवढा डाग तेवढा.

मी हळूच इचारलं, कौसल्या, त्या दिशी खरंच ऊन लागलं हुतं का गं. ती हसली. म्हनली, आत्याबाई किती खूस झाल्या हुत्या मावशी, तुमी बघितलं ना.

मला तवा राग आला, खरं सांगते. म्हनलं हिच्या एका व्हयपायी सहा म्हैने टाच धुतली मी. ती पुढं लई वर्सं जगली, सासूच्या मागं बी जगली, नवऱ्यानं केलं सगळं. शेवटी कसल्याशा तापानं गेली, पाठ धडधाकट घेऊन गेली.

आता माझंच बघा. दोन वर्सं झाली, डावी बाजू गेली. मीच सुनंला शिकवलं, चुनी पडू देऊ नगं, टाच उचलून ठेव, आन् अंघोळीचं पानी मला इचारू नगं, तुझं कोपर बुडवून बघ. गुनाची हाय पोर, रोज कोपर बुडवती. देव तिला औक्ष देवो, तिच्या लेकरांना देवो, तुमाला बी देवो ताई.

पन पोरगा माझा, तोच मांडीवरचा, आता त्याचंच डोस्कं पांढरं झालंय, तो कामावरनं आला की पायाशी बसतो, डावा पाय चोळतो, चोळतच राहतो. काल म्हनला, आई, काय कळतंय का गं जरा. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. म्हनलं, व्हय रं बाळा, कळतंय, बरं वाटतंय.