बगदादला फोन

रिपब्लिकन पक्ष निवडणूक हरल्याचं कळलं, त्या दुपारी मी वॉशिंग्टनमध्ये सँडविचच्या रांगेत उभा होतो. माझी बायको मार्था गेल्यापासून मी बाहेरच जेवतो. इराकचं युद्ध सरकारच्या गळी उतरवणाऱ्या संस्थेतले दोघे म्हातारे माझ्यापुढे होते.

“नॉर्टन, तुझ्या युद्धानं बुडवलं रे आपल्याला!”

“कल्पना बरोबरच होती. राबवणारे गाढव निघाले.”

“हेच लिहिणार ना पुस्तकात?”

“अर्धं झालंय.”

“इराकी लोक आपल्या सैनिकांच्या स्वागताला फुलं घेऊन येतील, म्हणालेला तूच!”

“येतील की. जरा उशीर होतोय.”

“तुझी पोर बगदादलाच आहे ना, पलटणीत?”

“हो. परवा फोनवर म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला अजून पटतं हे?’”

“मग?”

“म्हटलं, उद्या फोन करून सांगतो.”

“टीव्हीवर तासभर बोलतोस, आणि पोरीपुढे गप्प?”

“टीव्हीवाले एवढं अवघड विचारत नाहीत रे!”

दोघे खो-खो हसले आणि सँडविच घेऊन गेले. नॉर्टनला पोरीला फोन अजून करायचाच होता.