गाढव अन् बोकडाची सोयरीक

माहे वडील, म्हंजे आबा, गावात सगळ्यायले म्हाईत हायेत. आमच्या जानेफळात आबाले इचारल्याबिगर कोणाची सोयरीक जुळत नाही.

यंदा दिवाळीले घरी गेलो तेव्हा ठरवलंच होतं, माह्यासाठी पोरी पाहणं बंद करा म्हणून सांगाचं, अन् काऊन तेबी सांगाचं. पण तोंडच उघडेना. मंग टीव्हीवर मोठ्या माणसायसाठीचं एक कार्टून लावलं. त्यात एक गाढव अन् एक बोकड, दोघंबी गडी, जोडप्यावानी एका घरात राहतात अन् भांडे कोणी घासाचे यावरून भांडतात. म्हणलं, आबाचा अंदाज तं घेऊ.

आबा चहाची बशी घेऊन शेजारी बसले. हसले, अन् मधातच बशी खाली ठेवली.

"हे दोघंबी गडीच हायेत काय बे?"

"हो, आबा."

"अन् लग्न केल्यावानी राहतात?"

"हो."

"बायको भेटली नसन."

"तसं नाही, आबा. त्यायले एकमेकंच आवडतात."

आबानं बशी उचलून चहाचा घोट घेतला. "राहू दे मंग. भांडतात, पण सोडून तं जात नाहीत. नांदाले अजून काय लागते?"

मले रडूच येऊन राह्यलं होतं. तेवढ्यात आबातला सोयरिकवाला जागा झाला.

"पण एक गाढव अन् एक बोकड? जातीतला नाही भेटला काय बे त्याले?"

मी अंगणात गेलो अन् पुण्याले माह्यासंगं राहणाऱ्या फ्रान्सिसले मेसेज टाकला, "अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तू आहेस."