चाकाचं मशीन

हॅलो?… कोण?… नंदिनी! बोल बेटा… नाही नाही, ओरडू नको. येऊन राहिलं ऐकू… हो वं, खरंच. हळू बोल.

तुझ्या आईच्या पत्रासाठीच फोन केला ना?… मिळालं होतं. पाच महिने झाले, उशीखालीच आहे… मामा दगड आहे म्हणते ताई? म्हणू दे. तू आधी ऐक.

चारच ओळी आहेत पत्रात, पहिली म्हणजे नुसतं माझं नाव. ‘देवा, मी गंमत केली नव्हती. नको असेल तर नको म्हणायचं. हसायचं नाही.’… हो, पाठ आहे. आता याचं उत्तर काय लिहू? तिनं विचारलं काय होतं, तेच मले माहीत नाही!

अवं, आपल्या प्रीतमच्या लग्नात. पंगतीत शेजारी बसली होती… हसलो मी, कबूल. मले ऐकू नाही आलं की मी हसतो. जुनी खोड. सगळी नोकरी वाचनालयात झाली माझी, तिथं सारेच कुजबुजणारे. कोणाकोणाले ‘काय? काय?’ करणार? हसलं की समोरचा खूश होतो… हो, ताई नाही झाली.

होतं ना मशीन कानात! नवं. तेच तर! जुन्याले एक बारीकसं चाक होतं, नखानं फिरवलं की आवाज कमीजास्त. या नव्याले काहीच नाही, नुसतं गुळगुळीत. जे करायचं ते मोबाईलमधून. अन् लग्नाच्या दिवशी सकाळीच ते अपडेट झालं. मग पासवर्ड मागू लागलं, मग ओटीपी… तो गेला माझ्या बंद पडलेल्या नंबरवर. अन् ते आपल्याच मनानं ठरवते, काय ऐकवायचं. बँड म्हणजे कामाचं, अन् ताईचं बोलणं म्हणजे गोंगाट. टाकलं दाबून… हस, हस. मी घरी येऊन रडलो होतो.

काहून नाही सांगितलं?… लाज वाटली, बेटा. जो तो म्हणे, मामांनी केवढं भारी मशीन आणलं. मले वाटलं, दोष माझाच असेल. मलेच जमत नसेल.

मग काय, परवा चष्म्याच्या जुन्या डबीत चाकाचं मशीन सापडलं. सीताबर्डीत एक रिपेअरिंगवाला आहे, जिन्याखाली बसतो. त्यानं तार बदलली, सेल टाकला. मी कानात घातलं, अन् तो म्हणाला, ‘काका, चहा?’ इतक्या हळू… अन् मी हसलो नाही वं. हो म्हटलं!

आता तू सांग. काय विचारलं होतं ताईनं?… तुलेही आजच सांगितलं? बरं, काय?… परत सांग. नाही, ऐकू आलं. तरी परत सांग.

…‘तुझ्याकडे राहायले येऊ का?’

अन् मी हसलो.

…ट्रंक भरून ठेवली होती? अन् मग पुन्हा रिकामी केली… अरे देवा.

नाही, नाही, रडून नाही राहिलो. हलकं वाटून राहिलं. मले वाटे, डॉक्टरनं काही भलतं सांगितलं असेल तिले, अन् मी त्यावर हसलो… तब्येत चांगली आहे ना? नक्की?… बस्स. मग बस्स.

दे ना तिले फोन… नाही घेत? कागदावरच पाहिजे? मोबाईलवर फोटो पाठवला तर?… तोही नको. बरोबर आहे तिचं.

थांब, पत्र तयार आहे. काल दोन पानं लिहिली, हीच मशीनची कहाणी; फक्त उत्तर तेवढं राहिलं होतं. पाकीट चिकटवलं नाही अजून… पेन कुठे… हं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. ‘ताई, ये.’… एवढंच. हं, चिकटवलं पाकीट. जागा? आहे ना. दुसऱ्या पलंगावर पुस्तकं झोपली आहेत, त्यांले उठवतो.

फोन ठेवू नको. इथं रामदासपेठेत, औषधांच्या दुकानांच्या मधात, टपालाची एक लाल पेटी उरली आहे अजून. चारले उघडतात… जिना उतरून राहिलो… अवं, चपलेचा आवाज येऊन राहिला मले! माझ्याच!

आलो. आता जरासं बोलू नको…

…टाकलं.

आलं का ऐकू?… नाही? मले आलं वं. तळाशी जाऊन पडलं. रिकामीच होती वाटते पेटी.

चल, ठेवतो. पलंग मोकळा करायचा आहे.